टेबलाखालची हवा

कालिनानं मला बोलावलं ते गवंडी म्हणून.
वूच शहरात चाळीस वर्षं मी छतं लिंपली,
गिरण्यांची, दवाखान्यांची,
एकदा एका बिशपच्या न्हाणीघराचं.
शिल्पातलं मला कळत नाही, आधीच सांगितलं.
ती म्हणाली, बरं झालं.

काम होतं तिसऱ्या मजल्यावर,
लुत्सिनाबाईंच्या स्वयंपाकघरात.
टेबल नको, कालिना म्हणाली,
टेबलाखालची हवा हवी.

मी म्हातारीकडे पाहिलं, म्हातारीनं माझ्याकडे,
आणि न बोलता आमचं एकमत झालं
की पोरीचं डोकं ठिकाणावर नाही.
मग चहा आला, काचेच्या पेल्यांतून,
लिंबाची चकती घालून.

टेबल उलटं केलं.
चार पाय छताकडे,
कुणीतरी पाठीवर पडून हार मानल्यासारखे.
एक्कावन्न वर्षं त्यावर बटाटे सोलणाऱ्या बाईनं
त्याचं पोट पहिल्यांदा बघितलं:
सुताराचा पेन्सिलीतला आकडा,
दगड झालेला च्युइंगम,
एका कडेला गुळगुळीत डाग,
जिथं झेनोनचा गुडघा टेकायचा
आणि जेवताना सतत हलायचा.
'किती वेळा सांगितलं, हलवू नका म्हणून,'
ती डागाला म्हणाली.

आणि निळ्या खडूनं 'कायेतान',
आणि खाली रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
फळीच्या टोकापर्यंत.
काय मोजत होता पोरगा इथं बसून?
वर आम्ही भांडत असू, ती म्हणाली.
किंवा नसू.
मी ओलं फडकं उचललं.
पुसू नका, दोघी एकदम म्हणाल्या.

लाकडाला साबण चोपडला.
चारी बाजूंनी फळ्या, फटींत माती,
तागाच्या पट्ट्या, थरावर थर.
प्लास्टर धरताना तापतं,
हे लिंपणाऱ्याला माहीत असतं, बाकीच्यांना नाही.
लुत्सिनाबाईंनी तळवा ठेवला आणि तो तिथंच राहिला.
'अगं, हिला ताप आलाय.'
हिला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.
अर्ध्या तासानं गार पडलं. हात तिथंच.

बाहेर निघालं ते पांढरं, ठोकळ,
कोपऱ्यांत पायांची चार भोकं.
सहा माणसं लागली जिना उतरवायला.
रिकामी जागा इतकी जड असते,
हे माझ्या कमरेला अजून आठवतं.
टेबलाचा एक पाय चिरला होता,
तो मी चिकटवून दिला, पैसे घेतले नाहीत.

जुन्या सूतगिरणीत प्रदर्शन भरलं.
लुत्सिनाबाई ठेवणीतला कोट घालून आल्या,
खुर्ची ओढली, सवयीनं पाय आत घालायला गेल्या.
गुडघे आपटले.
पहारेकरी धावत आला, हात लावू नका म्हणत.
'माझ्या घरातलं आहे,' त्या म्हणाल्या.
'बाई, इथं सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरातलंच आहे.'

खडू प्लास्टरमध्ये उतरला होता.
नाव उलटं झालेलं, वाचायला आरसा लागावा.
रेघा मात्र तशाच.
रेघांना उलटं-सुलटं नसतं.

रविवारी तिनं कायेतानला फोन लावला,
तो नॉर्वेत मासे सोलण्याच्या कारखान्यात असतो.
काय मोजत होतास रे?
तिकडून यंत्रांचा आवाज.
मग तो म्हणाला, 'कुठल्या रेघा?'

उरलेलं प्लास्टर माझ्या बादलीत घट्ट झालं होतं.
घरी येऊन बादली उपडी केली, बुडावर हातोडीनं ठोकलं.
बादलीच्या आतली जागा सबंध बाहेर आली,
कडीच्या खिळ्यांच्या खुणांसकट.
तिला कुणी मागायला आलं नाही.
दाराशी ठेवली आहे.
चिखलातून आलो की तिच्यावर बसून
बूट काढतो.